पुतळाबाईचं इंग्लिश

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मध्ये 'पण असं का' 'पण तसं का' करू नकोस, मी सगळं सांगणारच आहे. आपली नमिता माहितीये ना, भांडुपची, अंधेरीला त्या कुरिअर कंपनीच्या कंप्लेंट डेस्कवर बसते ती. तर झालं काय, एका सकाळी तिची सासू तिला म्हणाली, "एक्सक्यूज मी, प्लीज." बास. एवढंच झालं. तू हसतेयस, मी पण हसले होते. पण त्यांचं किचन डोळ्यांपुढे आण. झोपड्या पाडून दिलेली एसआरएच्या बिल्डिंगमधली खोली, ओटा आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढी फट, आणि लग्न झाल्यापासून त्या फटीत या दोन बायका एकमेकींना कोपरं मारत स्वयंपाक करतायत. नमिता ओट्यापाशी डबा भरत उभी, मागे पुतळाबाई, हातात रिकामा तांब्या, आणि पाण्याचं पिंप पलीकडे. अशा वेळी रोज काय होतं, तर पाठीत कोपर बसतं आणि आवाज येतो, "सरक गो म्हशी." त्या दिवशी कोपर आलं नाही. नमिताला आधी तेच जाणवलं, की पाठीला जे लागायला हवं ते लागत नाहीये, मागे कुणीतरी आहे आणि ते थांबलंय. मग ते शब्द आले. एकेक सुटा, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. आणि नमिताने काय केलं माहितीये? वळून बघितलं पण नाही. पोट आत घेतलं, ओट्याला चिकटली आणि म्हणाली, "शुअर, प्लीज गो अहेड." तिच्या मनात काही यायच्या आधी तोंडाने उत्तर देऊन टाकलं, दिवसभर हेडफोन लावून तेच बोलते ना ती. पुतळाबाईने तांब्या बुडवला, "थँक यू" म्हणाली आणि बाहेर गेली. तिच्या साडीचा काठ पण नमिताला लागला नाही.

तेव्हा तर तिला गंमतच वाटली. चला, म्हातारीला हौस आलीय. लेकीच्या, भाविकाच्या, गालाचा पापा घेतला, जिना उतरली, स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षाच्या लाइनीत उभी राहिली, आणि तिथे एकदम काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. का ते कळेना. गॅस बंद केला? केला. भाविकाची बाटली भरली? भरली. पुढचा माणूस सरकला तरी ही तिथेच, मागची बाई ओरडली, "ओ मॅडम, झोपलात काय?" आणि ते ओरडणं ऐकून तिला बरं वाटलं. खरंच सांगते, बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

आता तिचं काम कसलं, तर लोकांच्या शिव्या खायचं. कुणाचं पार्सल फुटलं, कुणाचं शेजाऱ्याकडे गेलं, कुणाच्या साडीच्या जागी चार्जर निघाला. पहिल्या महिन्यात ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. मग प्रबुद्ध म्हणून तिचा टीम लीड आहे, त्याने शिकवलं, की मॅडम, जो ओरडतोय त्याच्याशी ओरडायचं नाही आणि त्याचं ऐकायचं पण नाही, मध्ये एक वाक्य ठेवायचं. 'आय कम्प्लीटली अंडरस्टँड युवर कन्सर्न.' हे वाक्य मध्ये ठेवलं की पलीकडचा कितीही आपटू दे, आपल्यापर्यंत काही येत नाही. नमिताला ते इतकं जमलं की ती हे म्हणता म्हणता पोहे खाते, नखं बघते, भाविकाच्या डब्याला उद्या काय याचा विचार करते. ज्या माणसाचं आपल्याला काहीही पडलेलं नाही त्याच्याशी तो आवाज लावायचा, एवढं तिला पक्कं माहिती. त्या दिवशी पहिलाच कॉल आला, कुणी घाटकोपरची बाई मिक्सरचं भांडं मोडलं म्हणून तणतणत होती, नमिताने वाक्य म्हटलं आणि तिला ते स्वतःच्या आवाजात ऐकूच आलं नाही. पुतळाबाईच्या आवाजात आलं. तसंच सुटं सुटं, धुतलेलं. तिने हेडफोन काढून बघितला, जसं काही म्हातारी आत बसलीय.

आणि मग तिला अनंता आठवला. अनंता कोण, सांगते. लग्नानंतर कृणाल, म्हणजे नमिताचा नवरा, तिला पाया पडायला गावी घेऊन गेला होता, कुडाळच्या आतल्या बाजूला कुठेतरी. पुतळाबाई पण सोबत. घरापुढच्या खळ्यात बसलेले असताना एक माणूस आला, डोक्याला पंचा बांधलेला, सासऱ्यांचा चुलत भाऊ अनंता. आणि पुतळाबाई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "येवा, बसा. पाणी घेवा. बरे आसास मां?" तो पण हात जोडून म्हणाला, "बरा आसा. तुमी बरे आसास?" नमिताला काय भारी वाटलं होतं. भांडुपला जी बाई दूधवाल्याला पण 'मेल्या' म्हणून हाक मारते ती इथे दिराला अहो-जाहो करतेय, किती मान, किती संस्कार. परत येताना एसटी स्टँडवर ती कृणालला तसं म्हणाली, तर तो वडा खाता खाता हसायलाच लागला. म्हणाला, "अगं त्यांचं वाकडंय. विहिरीच्या वाटेवरून. आई ज्याला 'तुमी' म्हणते ना, तो तिच्यासाठी मेला." नमिता म्हणाली, मग तो पण तर तुमी म्हणाला. तर कृणाल म्हणाला, "तेच तर. एकाने म्हटलं तर अजून चान्स असतो, समोरचा शिवी घालतो, भांडण होतं, मिटतं. त्याने पण उलट तुमी म्हटलं की झालं, दोघांचं ठरलं. मग मयताला पण जायचं नाही आमच्याकडे." आणि खरंच, दोन वर्षांनी अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा पुतळाबाई बांगडे साफ करत होती. ऐकलं, बरं म्हणाली, आणि बांगडे साफ केले, तिरफळं घालून कालवण केलं आणि भाताबरोबर जेवली. नमिताने ताटाकडे बघितलं होतं तेव्हा. काटे एका बाजूला नीट लावून ठेवलेले.

तर हे सगळं त्या मिक्सरवाल्या बाईचं ऐकता ऐकता तिला आठवलं. म्हातारीने आपल्याला तुमी म्हटलं. इंग्लिशमध्ये म्हटलं म्हणून काय झालं, म्हटलंच. आणि आपण काय केलं, तर प्लीज गो अहेड. उलट म्हटलं. वाट लागली ना. म्हातारीने दार अर्धं लोटलं होतं आणि हिने स्वतःच्या हाताने कडी लावली.

तुला वाटेल ही जास्तच विचार करतेय. पण या दोघींचं घर कसं होतं ते मी बघितलंय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नमिता तिला 'आई, तुम्ही चहा घेणार का' म्हणाली तर पुतळाबाईने पेला खाली ठेवला होता. "तुमी-बिमी नको हां माका. मी काय तुझी वैरीण आसंय?" तेव्हापासून अगं-तुगं. आणि त्या अगं-तुगंमध्ये किती घाण बोलायच्या दोघी. भात कच्चा राहिला की पुतळाबाई म्हणायची, "तुझ्या आवशीन काय दगड खाऊक घातलेले तुका?" नमिता म्हणायची, तू गप बस, तुझी कवळी निघेल. भाविकाच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षात म्हातारी पूर्ण वेळ तिला शिव्या देत होती, ओरड मेले ओरड, लाजतंस कसली, आणि नमिताने तिच्या दंडाला चावलं होतं. अजून खूण आहे. लाडाचं घर होतं असं नाही मी म्हणत. नमिताला ती नको नको व्हायची. तिच्या तपकिरीचा वास, सकाळी सकाळी घसा खाकरणं, नमिताच्या कपाटात हात घालून ब्लाउजच्या घड्या मोडून परत घालणं, कृणाल घरी असला की पडद्यापलीकडे मुद्दाम खोकत बसणं. कधीकधी नमिता ओट्याशी उभी राहून बाहेर झोपलेल्या म्हातारीचा श्वास ऐकायची आणि तिच्या मनात यायचं, हा थांबला तर. मग स्वतःचीच किळस यायची. पण यायचं. आणि हे सगळं ती तोंडावर बोलू शकायची, 'कधी मरतेस गं तू' असं खरंच म्हणायची आणि म्हातारी म्हणायची, "तुका पोचवून मगे." हे असं होतं म्हणून त्या एवढ्याशा खोलीत राहणं जमत होतं.

त्या संध्याकाळी ती घरी गेली ती मनात ठरवूनच, की आत शिरल्या शिरल्या काहीतरी बोलायचं. चप्पल काढली आणि समोरून, "गुड इव्हिनिंग. हाऊ वॉज युवर डे?" पुतळाबाई पाटावर बसून शेंगा सोलत होती. भाविका टाळ्या वाजवत, "आजी इंग्लिश, आजी इंग्लिश." नमिता म्हणाली, "काय नाटक लावलंयस गं?" म्हातारीने शांतपणे शेंग सोलली. "आय डोन्ट अंडरस्टँड. सॉरी." आणि हसली गं. तेच पाहुण्यांना दाखवायचं हसू, ओठ मिटून, कवळी दिसू न देता. नमिता म्हणते तेव्हा खोलीत ट्यूब चालू होती, टीव्ही चालू होता, खाली कुणीतरी कुणाला तरी आई-बहिणीवरून बोलत होतं, आणि तिला एकदम आपण या घरात पहिल्यांदाच आलोय असं वाटलं. भिंतीवर सासरे दत्तारामांचा फोटो, गिरणीतल्या मंडळाच्या ट्रॉफीशेजारी. ते पण तिला ओळखत नाहीत असं बघत होते.

मग रोजच. सकाळी गुड मॉर्निंग. डबा दिला की थँक यू. बाथरूममधून बाहेर आली की सॉरी टू कीप यू वेटिंग. शेजारची धोंडूची बायको दारात येऊन ऐकून गेली आणि मजल्यावर सांगितलं, पुतळाबाई सुनेचे काय लाड करते, मडमेसारखं बोलते. सगळ्यांना कौतुक. नमिताला सांगता येईना कुणाला. काय सांगणार? सासू मला प्लीज म्हणते, मला वाचवा? माझी सासू मला शिव्या देत नाही म्हणून मला जेवण जात नाही? तिने ऑफिसात प्रबुद्धला अर्धवट काहीतरी सांगितलं तर तो म्हणाला, "लकी आहात, माझी सासू लग्नाचं अजून उकरून काढते."

आता तू विचारशील, म्हातारीला बिघडायला झालं तरी काय. तर ते नमिताला माहिती होतं. पहिल्या दिवसापासून माहिती होतं, फक्त ती तिकडे बघत नव्हती. तिने मुलुंडला फ्लॅट बघितला होता भाड्याने. कृणाल बोटीवर आहे ना, किचनमध्ये, आठ-आठ महिने समुद्रात; दोघांचं फोनवर ठरलेलं, की तो आला की तिघांनी वेगळं व्हायचं. तिची आई मुलुंडलाच राहते, भाविकाला ती बघेल. एक दार आपलं, एक कपाट आपलं, पडदा नाही. म्हातारीला काय सांगायचं, तर कृणाल म्हणाला, मी आल्यावर सांगतो, तू काही बोलू नकोस. आणि नमिताला ते बरंच वाटलं. चोरून एका शनिवारी जाऊन बघून आली, खिडकीतून डोंगर दिसतो, किचन एवढं मोठं की तिने मध्ये उभं राहून दोन्ही हात पसरले, कुठेच लागले नाहीत. तेव्हा किती मोकळं वाटलं होतं. आणि बाहेर पडताना दुकानात म्हातारीसाठी तपकिरीची डबी पण घेतली. का घेतली? तिला अजून कळत नाही.

एक दिवस लंचमध्ये एजंट भीमराजचा फोन आला. भांडुपचाच पोरगा, तोंडाने भडभडा. म्हणाला, ताई, मालक फिक्स करायचं म्हणतायत, पण त्यांची एक अट आहे, आधी फॅमिली बघायला तुमच्या घरी येणार, माणूस घरातच कळतो म्हणतात. आणि बोलता बोलता, "मी तर मावशीला मागेच मार्केटात काँग्रॅट्स पण केलं. म्हटलं, काय मावशी, मुलुंडला चाललात, आता लिफ्टने फिरणार. त्यांना माहिती नव्हतं काय? हातातली जुडी त्यांनी परत टोपलीत ठेवली. मग म्हणाल्या, होय रे बाबा." हातात डब्याचं झाकण होतं नमिताच्या. ते तिने बंद केलं, परत उघडलं, परत बंद केलं. होय रे बाबा. म्हणजे बाजारात भाजीच्या टोपलीसमोर उभं असताना म्हातारीला हे कळलं, आणि तिने तिथल्या तिथे ते झाकलं. सुनेची लाज झाकली. आणि घरी येऊन सुनेला मारून टाकलं.

इथे नमिताला राग यायला पाहिजे होता का रडू यायला पाहिजे होतं, तिलाच ठरवता येईना, आणि झालं असं की राग आला. तडतडून आला. भांड ना. आपट काहीतरी. मला टाकून निघालीस म्हण, माझ्या पोराला तोडलंस म्हण, डोळे फुटले म्हण. मग मी पण बोलेन, पडद्यापलीकडचं खोकणं काढेन, कपाट काढेन, दोघी घसा बसेपर्यंत ओरडू आणि मग मी जाईन, ताठ मानेने जाईन. पण हे काय? जायचं तर जा, प्लीज, थँक यू. हिने माझं भांडणच काढून घेतलं. असं वाटायला लागलं तिला, की म्हातारी हे सगळं फक्त छळायला शिकलीय.

म्हणून म्हातारी जिथे हे इंग्लिश शिकायची त्या क्लासला नमिता गेली. मंडळाच्या हॉलमध्ये, दुपारी, हाफ डे टाकून. श्रुतिका नावाची कॉलेजची मुलगी शिकवते फुकट, बायका चटईवर बसलेल्या, सगळ्या आज्या, एका सुरात 'मे आय कम इन'. पुतळाबाई तेव्हा भाविकाला आणायला गेलेली. नमिताने बाहेर बोलावून सरळ विचारलं, आमच्या आईंनी हे कशासाठी सुरू केलं. आवाज चढलेलाच होता. श्रुतिका घाबरून म्हणाली, तुम्हाला माहिती नाही? शाळेत मीटिंग झाली ना, की मुलांना न्यायला येणाऱ्यांनी मिसशी इंग्लिशमध्ये दोन शब्द बोलावेत, मुलांना सवय लागते. "आजी म्हणाल्या, सुनेला रजा पडते, तिचे पैसे कापतात. मला शिकव, मी जाईन, तिला नको त्रास." त्या तर जूनपासून येतायत, सगळ्यात आधी येऊन बसतात. मग ती जरा हसून म्हणाली, हल्ली घरी पण प्रॅक्टिस करतात ना? फार सुधारणा आहे. नमिता म्हणाली, हो, करतात. आणि तिथून निघाली ती उन्हात चालत राहिली, भांडुप व्हिलेजपर्यंत, मग पार कांजूरच्या पुलापर्यंत, कचऱ्याचा वास यायला लागला तेव्हा थांबली. जूनपासून. म्हणजे मुलुंड व्हायच्या किती आधीपासून. ती बाई चटईवर बसून हिच्यासाठी एकेक शब्द तोंडात घोळवत होती आणि ही तिकडे रिकाम्या किचनमध्ये हात पसरून बघत होती. यार, यानंतर तरी माणूस वितळेल ना? नाही वितळली. तिला अजूनच राग आला. आपल्यासाठी कुणी एवढं केलेलं असताना आपण असं वागलो हे कळलं की त्या माणसाचा किती राग येतो, तुला नाही कधी आला?

मग तिने उचकवायला सुरुवात केली. कोळंबीत मुद्दाम सोलं, म्हणजे आमसुलं, घातली नाहीत. पुतळाबाई जेवली, म्हणाली, "व्हेरी टेस्टी." ओला टॉवेल तिच्या अंथरुणावर टाकला. तिने उचलून वाळत घातला, "नो प्रॉब्लेम." तपकिरीची डबी, तीच विकत आणलेली, कचऱ्यात टाकली आणि बघत उभी राहिली. म्हातारीने कचऱ्याच्या डब्यात बघितलं, तिच्याकडे नाही बघितलं, आणि तपकीर ओढायचीच बंद केली. घरातला वास गेला. इतकी वर्षं जो वास जावा असं वाटायचं तो गेला आणि नमिता भिंतीला नाक लावून तो शोधत होती म्हणे. कृणालला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर चित्र अडकत अडकत तो म्हणाला, "अगं मग चांगलंय ना, भांडत नाहीये. सुटसुटीत होईल." त्याला एसटी स्टँडवरचं काहीच आठवत नव्हतं. मागे समुद्र, आणि तो वरणाच्या पातेल्यात ढवळतोय. नमिताने फोन कापला, नेटवर्क गेलं म्हणून मेसेज केला.

मालक रविवारी दुपारी आले. चंद्रप्रकाशजी, रिटायर्ड, पांढरा सफारी, कपाळाला टिळा, भीमराज त्यांना दारात सोडून खाली थांबला. पुतळाबाई इस्त्रीची साडी नेसून तयार. नमिताने तिला सांगितलंच नव्हतं कोण येणारे, नुसतं पाहुणे म्हणाली होती, पण तिला सगळं माहिती. "प्लीज कम. प्लीज सिट. वुड यू लाइक टी ऑर कॉफी?" चंद्रप्रकाशजी खूश. "अरे वा, माताजी तो अंग्रेज़ी बोलती हैं." त्यांनी घर बघितलं, ओटा बघितला, चकचकीत; भाविकाने पोएम म्हटली. मग त्यांनी सुनेबद्दल विचारलं, कशी आहे. पुतळाबाईने नमिताकडे बोट नाही केलं, हात केला, पूर्ण हात, देवाकडे करतात तसा. "शी इज व्हेरी गुड लेडी. व्हेरी क्लीन. नो नॉइज." नमिताला कानात गरम तेल घातल्यासारखं झालं. खोली सोडून जाणाऱ्या भाडेकरणीबद्दल बोलतात हे. कुठे आवाज नाही, कुठे डाग नाही, रिकामी करून दिली. चंद्रप्रकाशजी म्हणाले, तुम्ही पण येणार ना माताजी, लिफ्ट आहे, खाली मंदिर आहे. तर पुतळाबाई, "नो, थँक यू. आय ॲम फाइन हिअर." म्हाताऱ्या माणसाला काही खटकलं नाही. त्यांनी खिशातून चावी काढली, टीपॉयवर ठेवली, म्हणाले, फॅमिली पसंत आहे, "उठा लो बेटी, शुभ काम में देर क्या."

नमिताचा हात निघाला होता. खरंच निघाला होता. तेवढ्यात ट्रे आला. आता त्यांच्याकडे कसं, की पाहुण्यांना कपबशी, फुलाफुलांची, कपाटातली, आणि घरातल्यांना स्टीलचे पेले. कायम. पुतळाबाईने चंद्रप्रकाशजींपुढे कपबशी ठेवली. मग नमितापुढे ठेवली. तीच फुलाफुलांची. बशी वळवून, कान उजव्या हाताला येईल असा करून, वाकून. "प्लीज हॅव टी." स्वतःचा पेला हातात घेऊन उभी राहिली. नमिताने त्या कपाकडे बघितलं. चहावर साय धरत होती. या घरात तिने त्या कपातून चहा प्यायलेला एकदाच, मुलगी बघायला कृणालकडचे येऊन गेल्यानंतर, ही घर बघायला आली होती तेव्हा. आणि तिच्या तोंडून निघालं. जोरात नाही, दातातल्या दातात. "जळ्ळं मेलं तुझं तोंड, थेरडे."

पंखा खडखडत होता, चंद्रप्रकाशजी बशीत ओतून फुर्र करून पीत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. पण पुतळाबाईचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. तिने तो खाली आणला आणि नमिताकडे बघितलं. त्या 'एक्सक्यूज मी'च्या सकाळपासून पहिल्यांदा. सरळ डोळ्यांत. हसू गेलेलं, पाहुण्यांचं ते हसू पूर्ण गेलेलं, आणि त्याच्या जागी काय होतं ते नमिताला सांगता येत नाही, राग म्हणावा तर राग नाही, कान टवकारल्यासारखं काहीतरी. आणि म्हणाली, "प्लीज रिपीट."

चंद्रप्रकाशजींनी मान वर केली. "हाँ बेटी, क्या कहा? हमने भी नहीं सुना." भाविका आईच्या तोंडाकडे बघतेय. टीपॉयवर चावी. मोठ्याने म्हटलं की हा माणूस उठणार, चावी खिशात घालणार, सासूला असं बोलणाऱ्या बाईला कोण घर देतं, मुलुंड गेलं, डोंगर गेला, ते हात पसरायचं किचन गेलं, परत ही फट, हा पडदा, कृणालला काय सांगायचं ते वेगळंच. नाही म्हटलं, कुछ नहीं अंकल म्हणून हसली, तर चावी हातात, आणि या बाईच्या मयताला पण जाता येणार नाही. आणि म्हातारी थांबलेली गं. पेला धरून. प्लीज रिपीट म्हणजे म्हण ना, भांड म्हणतेय की हिंमत असेल तर म्हणून दाखव म्हणतेय, हिला कुठे कळतंय. नमिताच्या तोंडात शब्द आलेला, जिभेवर, आणि तिघं तिच्याकडे बघतायत.

खरं सांग हां, मला बरं वाटावं म्हणून नको. तू त्या खुर्चीत असतीस, तर काय केलं असतंस?